चौदा तारखेच्या आत

१९ सप्टें., शुक्र.

वाह्यूने आज जेवताना सांगितलं. म्हणजे आमची लेक सेकर ताट उचलून खोलीत गेल्यावर. आठवडाभर या माणसाला माहीत होतं आणि आठवडाभर तो माझ्यासमोर बसून वरणभात खात होता.

जर्मन नागरिक झाल्यावर इंडोनेशियातली, म्हणजे त्याची जावातली जमीन नावावर ठेवता येत नाही. वर्षाच्या आत तिथल्याच कुणा नागरिकाच्या नावावर करायची, नाहीतर सरकारजमा. गावातलं घर, अंगण, मागचं भाताचं खाचर, सगळं. आणि त्या घरात इबू राहतात. त्याची आई. एकट्या.

सोलोतला त्याचा शाळेतला मित्र नोटरीकडे कामाला आहे, तो सहज बोलता बोलता म्हणाला म्हणून कळलं. नाहीतर कळलंही नसतं.

वर्ष कधी संपतं, मी विचारलं. तर बोटं मोजायला लागला. मोजायचं काय त्यात! लांडराट्सआम्टच्या सरकारी ऑफिसात नागरिकत्वाचं सर्टिफिकेट हातात घेऊन उभा असलेला याचा फोटो फ्रिजवर लावलाय, खाली तारीख आहे. १५ नोव्हें. यंदा १५ला शनिवार, तिकडची ऑफिसं बंद. म्हणजे १४. आठ आठवडे.

२१ सप्टें., रवि.

कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. हे मी केलंय.

त्याला पासपोर्ट बदलायची हौस नव्हती. मीच मागे लागले. विमानतळावर मी नि सेकर एका रांगेत, हा दुसऱ्या. आम्ही बाहेर येऊन बॅगा घेऊन ताटकळतोय आणि याचे कागद अजून कुणीतरी उलटेपालटे करून बघतंय. शिवाय फॉर्म भरण्यात माझा हात कोण धरणार! वाल्डॉर्फमधल्या निम्म्या मराठी बायका माझ्याकडे कागद घेऊन येतात, मुलांच्या भत्त्याचं किंडरगेल्ड म्हणू नका, पार्किंगचा दंड म्हणू नका. मग घरच्या माणसाचा नको भरायला? एका रविवारी बसून सगळी पानं भरली. त्याने फक्त सही केली.

त्याने एकदा विचारलं होतं. एकदाच. 'गावच्या जमिनीचं काय होईल?' मी कणीक मळत होते. म्हटलं, काही होत नाही रे. मी जर्मन झाले, ओसीआय कार्ड काढलं, मिरजेचं घर माझ्या नावावर आहे तसंच आहे ना? तुमच्याकडेही असेल तसलं काहीतरी.

असेल तसलं काहीतरी! फोन उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणी मी आणि बैल दुसऱ्याचा.

वा. यातलं काही बोलून दाखवत नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

२७ सप्टें., शनि.

मित्राशी व्हिडिओवर बोललो. सेकरच्या नावावर करता येईल का, मी विचारलं. नाही. तिच्याकडे जन्मापासून जर्मन पासपोर्ट, तीही चालत नाही. आम्ही तिघं या घरात आणि तिथली मूठभर माती नावावर घेता येईल असा एकही नाही.

राहिल्या इबू. किंवा अगुस, वा.चा चुलतभाऊ, जो आता खाचर कसतो. अगुसचं नाव काढल्यावर वा.ने नकारार्थी मान हलवली. अगुसने स्वतःच्या बापाचं शेत विकून ट्रक घेतला. तो ट्रक आता कुठे आहे कुणाला माहीत नाही.

म्हणजे इबूच. वा.ने त्यांच्या नावे बक्षीसपत्र करायचं, दोघांनी नोटरीसमोर सही करायची. एका सकाळचं काम आहे, मित्र म्हणाला.

एका सकाळचं काम! इबूंना मुळात माहीतच नाही की मुलाने देश सोडलाय. आपण त्यांना 'इथलं एक कार्ड मिळालं' एवढंच सांगितलंय. बापाक, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा इबूंनीच हट्टाने सगळं याच्या नावावर करवलं होतं. मुलगा एकुलता, लांब राहतो, नाव तरी इथे राहू दे म्हणून.

फोनवर सांगणार नाही म्हणतो. जाऊन सांगणार. रजा २५ ऑक्टो.पासून, त्याआधी प्रोजेक्ट सोडत नाहीत.

सेकर दाराशी ऐकत होती. 'फेर्लिअर्ट एयांग इर हाउस?' एयांगचं, म्हणजे आजीचं, घर जाणार का. मी मराठीत नाही म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे असं बघितलं की...

८ ऑक्टो., बुध.

तळमजल्यावरची केतकी एल्टर्नगेल्डचा, बाळंतपणानंतरच्या भत्त्याचा, फॉर्म घेऊन आली. पेन उचललं आणि हात चालेना. म्हटलं, तूच आधी नीट वाच, मग ये. तिला वाटलं मी चिडलेय. गेली बिचारी पोटुशी बाई जिना उतरून.

दिवसभर इबूंचं अंगण डोळ्यांसमोर. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा पहाटे खराट्याच्या आवाजाने जाग आली होती. अंगण झाडल्यावर मातीवर रेघा उमटतात, त्यावर लगेच कुणी पाय दिलेला इबूंना खपत नाही. कोंबड्यांनासुद्धा हाकलतात. मी शहाणी, चप्पल घालून सरळ मधून गेले. त्यांनी मागून येऊन तेवढंच पुन्हा झाडलं. मग हाताला धरून दाराच्या उजव्या अंगाला नेऊन जागा दाखवली. वा. जन्मला तेव्हा त्याची वार तिथे पुरली, वर मडकं पालथं घातलं, महिनाभर दिवा लावला. आपल्याकडेही नाळ पुरलेली जागा म्हणतात, पण म्हणतातच. तिथे ती खरोखर होती, दोन पावलांवर.

त्या जागेवर उद्या सरकारी पाटी लागेल? इबू सत्तरीच्या पुढे, त्यांना कुठे नेणार? इथे? तिसऱ्या मजल्यावर, ब्रोकोलीच्या देशात?

भीती वाटते. कामात लक्ष नाही. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या दोन टेस्ट चुकीच्या पास केल्या.

२५ ऑक्टो., शनि.

फ्रांकफुर्टला सोडून आलो. उतरल्यावर त्याला टुरिस्ट व्हिसा घ्यावा लागणार, तीस दिवसांचा. स्वतःच्या गावाला. तो हसला त्यावर. मला हसू आलं नाही.

आईचा मिरजेहून फोन. 'जावईबापूंना एकटंच पाठवलंस होय गं? अहो वाह्यूराव, जपून जा म्हणावं.' तिला कारण सांगितलेलं नाही. म्हटलं, सासूबाईंना भेटून येतोय.

२६ ऑक्टो., रवि.

घड्याळं एक तास मागे. तो आता पाचऐवजी सहा तास पुढे.

त्याच्या खणात इन्शुरन्सचे कागद शोधत होते. त्याचं जुनं तिकडचं ओळखपत्र तिथे असायचं, प्लास्टिकच्या पाकिटात. परत करायला हवं होतं, केलं नव्हतं. पाकीट आहे, कार्ड नाही.

कशाला नेलंय?

२९ ऑक्टो., बुध.

हेर्ब्स्टफेरीन, शाळेची शरदातली सुट्टी, सेकर घरी. दोघींनी मिळून व्हिडिओ केला. इबूंनी सेकरसाठी केळी सोलून कॅमेऱ्याला लावून दाखवली, तुझ्या वाटची म्हणून. मागे अगुसच्या शेळ्या. बापाकच्या हजाराव्या दिवसाची प्रार्थना लवकरच आहे, गाव जेवायला घालायचंय, त्याची बोलणी. सगळं इतकं छान की मला रडू यायला लागलं, मी सर्दीचं नाटक केलं.

नंतर वा. एकटा. 'सांगितलंस?' 'उद्या.' 'कार्ड?' 'आहे माझ्याजवळ.' 'कशाला?' 'असू दे.'

परदेशी माणूस गावात राहिला तर दिवसाच्या आत वस्तीच्या मुखियाला कळवावं लागतं. याने कळवलेलं नाही. तिसरा दिवस.

१ नोव्हें., शनि.

आज फोनवर खूप भांडलो.

अगुसचं म्हणणं, कुणाला कळणार आहे? गावात तर सगळे तुला तुझ्या बापाचा मुलगा म्हणूनच ओळखतात. कार्ड खिशात आहे. गप्प बस, जमीन तुझी तुझ्याकडे. आणि वा.ला ते पटायला लागलंय! म्हणाला, इबू आहेत तोवर तरी. म्हटलं, आणि कुणी तक्रार केली तर? अगुसनेच केली तर? खोटं कार्ड दाखवून आत गेलास तर मी इथून काय करणार? 'तू काही करू नकोस,' म्हणाला. 'तू आता काहीच करू नकोस.'

बोलला शेवटी.

मी फोन ठेवला. त्याचं खरंच आहे. मी इथे उबदार घरात बसून उंटावरून शेळ्या हाकतेय. पण मग कुणी हाकायच्या?

४ नोव्हें., मंगळ.

सगळं बाहेर आलं. वा.ने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते.

वस्तीचा मुखिया सकाळी चहाला आला. हजाराव्या दिवसासाठी रस्त्यात मांडव घालायचाय, परवानगीच्या कागदावर घरमालकाची सही आणि ओळखपत्राचा नंबर हवा. वा.ने खिशात हात घातला. कार्ड बोटांना लागलं. आणि काढता येईना, म्हणाला. तो माणूस बापाकच्या अंत्ययात्रेला पुढे होता. वा. उठला, आत जाऊन लाल पासपोर्ट आणला आणि चटईवर ठेवला.

इबू चहाचा ट्रे घेऊन उभ्या. त्यांनी वाकून पासपोर्टवरचा जर्मन गरुड बघितला; तिकडच्या पासपोर्टवरही गरुडच असतो. म्हणाल्या, 'हाही पक्षीच आहे. पण आपला नाही.'

मुखियाने चहा पूर्ण प्यायला. मग घरून वही आणून वा.चं नाव परदेशी पाहुण्यांत लिहिलं. आई-वडिलांचं नाव, मुक्कामाचं कारण. कारणात काय लिहू, त्याने विचारलं. मग मुखियानेच लिहिलं, नातेवाइकांना भेट.

माझा जीव जरा खाली पडला. खोटं कार्ड नाही वापरलं. लगेच लाज वाटली, की मला आधी हेच सुचलं.

६ नोव्हें., गुरु.

इबू सही करणार नाहीत.

रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. स्वयंपाक करतायत, अंगण झाडतायत. फक्त नाही म्हणतायत. वा.ने जमीन सरकारची कशी होईल ते तीनदा समजावलं. त्यांचं एकच. 'जमीन बापाकडून पोराकडे जाते. पोराकडून आईकडे कधी येते? पोर गेल्यावर. तू माझ्यासमोर जिवंत बसलायस आणि मी तुझा वारसा घेऊ?'

ओसीआयचे नियम मला तोंडपाठ आहेत, याला उत्तर कुठल्या फॉर्ममध्ये नाही.

आठ दिवस.

८ नोव्हें., शनि.

वा.ला म्हटलं, मला इबूंशी बोलायचंय, तू शेजारी बस. माझी बहासा, म्हणजे त्यांची इंडोनेशियन, मोडकीतोडकी, भाव विचारणे आणि जेवलात का यापुढे गाडी जात नाही. मी इंग्लिशमध्ये सांगत गेले, तो जावानीजमध्ये सांगत गेला. मी म्हटलं, हा फॉर्म मी भरला, त्याने जमिनीचं विचारलं होतं, मी न बघताच काही होत नाही म्हटलं. तो बोलला. पण मला एवढं कळतं की त्याच्या बोलण्यात माझं नाव एकदाही आलं नाही. 'आम्ही' म्हणाला. आम्हाला माहीत नव्हतं.

मग माझ्या बहासात मीच बोलले. मी, इबू. त्याने नाही. मी केलं. माझी चूक.

इबू फोनच्या अगदी जवळ आल्या, नुसतं कपाळ आणि डोळे. विचारलं, 'तुझं आईच्या गावचं घर? तेही गेलं?'

'नाही.'

'तुझ्या नावावर आहे?'

'हो.'

त्या उठल्या आणि गेल्या. वा.ने फोन तसाच धरून ठेवला होता, मला भिंत दिसत होती आणि भिंतीवरचं कॅलेंडर. परत येतील म्हणून मी थांबले. नाही आल्या. शेवटी मीच बंद केला.

सासूने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

११ नोव्हें., मंगळ.

संध्याकाळी शाळेची कंदिलांची मिरवणूक. सेकर म्हणते मी मोठी झाले आता, पण गेली, कोल्ह्याचा कंदील घेऊन. सगळी पोरं गाणी म्हणत चाललेली, आणि मी मागे फोन बघत. एका आईने विचारलं, आलेस गुट, सगळं ठीक ना? म्हटलं, या, या, गेनाऊ, म्हणजे हो हो, अगदी. काय गेनाऊ? तोंडाला येईल ते बोलते मी हल्ली.

उद्या नोटरीकडे सकाळी दहाची वेळ घेतलीय. वा. म्हणतो, इबू 'बघू' म्हणाल्या. 'नाही'वरून 'बघू'वर आल्या, काहीतरी हललं.

१२ नोव्हें., बुध.

नाही गेल्या. वा. गाडीत बसून होता, कागद मांडीवर. इबू खाचराच्या बांधावर जाऊन बसल्या त्या दुपारीच उठल्या. वा. शेजारी जाऊन बसला. खाचरात पाणी सोडलंय, बेडूक ओरडत होते.

त्याचा आवाज ऐकवत नव्हता. 'जाऊ दे,' म्हणाला. 'सरकारला तरी काय घाई आहे. लगेच कुणी येऊन बाहेर काढणार नाही.'

लगेच नाही. पण कधीतरी. त्यांना गुडघ्यांनी उठता येत नसेल तेव्हा कुणीतरी कागद घेऊन दारात येईल. आणि हा इथे मीटिंगमध्ये असेल.

१३ नोव्हें., गुरु.

नोटरीबाई आज परगावी, उद्या शेवटचं.

आणि उद्या काय आहे ते वा.ने आज सांगितलं. जावात आपल्या सात वारांच्या जोडीला आणखी पाच वार चालतात, दोन्हीची जोडी पस्तीस दिवसांनी पुन्हा जुळते. उद्या शुक्रवार-क्लिवोन. आधीच तो दिवस तिथे भारी समजतात, आणि बापाक गेले ते याच जोडीला. त्या दिवशी घरातल्यांनी प्रवास करायचा नाही, नवं काम काढायचं नाही, सही तर नाहीच. इबू त्या दिवशी गावाची वेससुद्धा ओलांडत नाहीत, बापाक गेल्यापासून एकदाही नाही.

मी हसणारी बाई. आई अमावास्येला निघू नको म्हणायची तेव्हा मुद्दाम तिकीट काढायचे. आज म्हटलं, मग नकोच ना उद्या, काही झालं म्हणजे? वा. म्हणाला, मग कधी?

गाडी अगुस चालवणार. दोन तासांचा घाट. नको नको ते डोळ्यांसमोर येतंय.

१४ नोव्हें., शुक्र.

६.१० — उठले. म्हणजे पडले होते ती उठले. तिकडे बारा वाजून गेलेत, नमाजाची सुट्टी असेल. ऑफिस तीनला बंद, म्हणजे आपले नऊ. वा.चा एक मेसेज, पहाटेचा: 'इबू कबरीवर गेल्यात.' पुढे काही नाही.

६.४० — चहा केला. तसाच ओतला.

७.१५ — निघाल्या! स्वतःहून. कबरीवर फुलं वाहून आल्या, सणासुदीचा नवीन कबाया झगा घातला आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. वा.ने हा मेसेज वाटेतून केलाय. निघाले तेव्हाच नाही का करायचा! घाट उतरलेत.

सेकर शाळेत जात नाही म्हणाली. नको जाऊस म्हटलं.

८.१२ — पोचले. नोटरीबाई थांबल्यात, कागद टेबलावर आहेत, साक्षीदार आहेत. इबू गाडीतून उतरत नाहीयेत.

८.२० — अजून नाही. अगुस बाहेर सिगरेट ओढतोय. वा. दार धरून उभा आहे.

८.४० — आत्ता जे झालं ते.

वा.च्या नंबरवरून फोन आला. उचलला तर इबू. त्यांनी मला स्वतःहून कधीच फोन केलेला नाही, इतक्या वर्षांत.

'मृणाल.'

'हो, इबू.'

'हा खरं सांगत नाही. आईला दुखेल म्हणून गोड बोलतो. तू सांग. मी सही केली की हा तिकडेच म्हातारा होणार. हो ना?'

सावकाश, बहासात, मला समजेल असं एकेक शब्द करून बोलत होत्या. नाही म्हणावं, की म्हातारपणी आम्ही दोघं येऊ, तुमच्या अंगणात कोंबड्या पाळू, म्हणजे त्या उतरतील. एवढंच करायचं होतं. माझ्या तोंडात आलंही होतं. हो म्हटलं तर कशाला उतरतील त्या? पण मागे एकदा मी अशीच न बघता 'काही होत नाही' म्हणून गेले होते. आणि वा. गेल्या हिवाळ्यात म्हणाला होता, गुडघे असेच राहिले तर आपण खालच्या मजल्यावर घर बघू. इथेच. वाल्डॉर्फमध्येच.

मी म्हटलं, 'हो, इबू. इथेच होईल.'

रस्त्याचा आवाज येत होता, मोटरसायकली, कुणीतरी काहीतरी विकत होतं. वा. लांबून 'बू? बू?' म्हणत होता. मग गाडीच्या दाराचा आवाज आला. उघडलं की ओढून घेतलं, ते कळलं नाही. फोन बंद झाला.

८.४७ — वा. उचलत नाही.

८.५१ — अगुसही नाही.

८.५५ — पुन्हा दोघांना लावून बघितलं. सेकर शेजारी येऊन बसलीय, माझ्या फोनकडे बघत. मी जर्मनमध्ये म्हटलं, जा तुझ्या खोलीत. ती मराठीत 'नाही' म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.